भीमेच्या माशांची वंशावळ

माणसांच्या वंशावळी जपण्याची हौस आपल्याकडे फार जुनी. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी जावे, गाव आणि आडनाव सांगावे, की क्षेत्रोपाध्ये कापडात बांधलेली लांबोडी वही सोडतात आणि आपले पणजोबा कोणत्या साली येऊन गेले, त्यांच्याबरोबर कोण कोण होते, हे घडाघडा वाचून दाखवितात. माशांची अशी वही कोणी ठेवीत नाही. पण गेल्या शंभर-दीडशे वर्षांत आमच्या भीमेच्या पाण्यात इतके परके मासे येऊन मिसळले आहेत, की तशी एखादी वही असती तर बरे झाले असते असे मला वाटे. नवलाची गोष्ट अशी, की ती वही आहेच. ती प्रत्येक माशाच्या पेशीपेशीत लिहिलेली आहे. वाचण्याची विद्या तेवढी अलीकडे माणसाच्या हाती आली.

मी सोलापूरचा. सोलापूर म्हटले की वाचकांना चादर आठवेल, शेंगांची चटणी आठवेल, गड्ड्याची जत्रा आठवेल. मासा काही आठवणार नाही. आमचा मुलूख अवर्षणाचा, येथे घागरभर पाण्याचे मोल. मग माशाची गोष्ट कसली? पण दुष्काळी मुलखातच माणूस पाणी अडवितो आणि अडविलेल्या पाण्यात मासा सोडतो. सोलापूरजवळचा एकरुखचा तलाव, ज्याला आम्ही हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१ साली पुरा झाला. पुढे १९८० मध्ये भीमेवर उजनीचे धरण उभे राहिले आणि ११७ अब्ज घनफूट पाण्याचा यशवंतसागर पसरला. वाहत्या नदीचे असे सरोवर झाले, तेव्हा माशांच्या इतिहासाचेही पान उलटले.

या इतिहासाचे पहिले लेखी पान मात्र त्याच्या बरेच आधीचे आहे. एल्फिन्स्टनसाहेबाने १८२४ साली विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची खानेसुमारी करण्याच्या कामावर नेमले. माणसे, पिके, हवामान यांची मोजदाद करता करता या गृहस्थाने नद्यांतले मासेही टिपून घेतले. विलायतेस परतल्यावर त्याने 'दख्खनचे मासे' या विषयावर लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे निबंध मांडला. तो १८३९ साली छापला गेला. त्याची एक गोष्ट मला फार भावते. नव्या माशांना लॅटिन नावे देताना त्याने भोयांच्या तोंडची मराठी नावेच उचलली. पुण्यानजीक मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीर जातीच्या माशाचे शास्त्रीय नाव आजही 'टोर खुद्री' असे आहे. मुल्या, नुक्ता, शिंगटी अशी आपली नावे त्या निबंधातून जगभरच्या ग्रंथांत गेली. भीमेच्या खोऱ्यातले मूळचे रहिवासी कोण, याचा हा पहिला कागद.

आता पाहुण्यांकडे वळू. रोहू, कटला आणि मृगळ हे मासे आज सोलापूरच्या बाजारात इतके रुळले आहेत, की ते आपलेच वाटतात. पण ही मंडळी मूळची गंगा-यमुनेकडची. हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने १८२२ साली गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची प्रथम नोंद झाली. हे मासे पावसाळ्याच्या पुरात वाहत्या नदीतच अंडी घालीत. साठलेल्या तळ्यात घालीत नसत. म्हणून बंगालातल्या नद्यांतून त्यांचे जिरे गोळा करून, मडक्यांत भरून, आगगाडीने दूरदूरच्या प्रांतांत पाठवीत. वाटेत निम्मेअधिक मरत. ही अडचण १९५७ सालच्या १० जुलैला संपली. ओरिसात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. आज १० जुलै हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो यामुळेच. त्यानंतर गावोगाव मत्स्यबीज केंद्रे निघाली, आणि तलावांत व धरणांत बोटुकली सोडणे हा नित्याचा कार्यक्रम होऊन बसला. त्याआधीच, १९५२ साली, आफ्रिकेतला तिलापिया भारतात आला होता. आमच्याकडे त्याची 'चिलापी' झाली, आणि उजनीच्या जाळ्यांत तिने चांगलेच ठाण मांडले.

वाचक म्हणतील, यात बिघडले काय? गरिबाच्या ताटात मासा आला, भोयाच्या घरात चार पैसे आले. खरे आहे, आणि ते विसरून चालणार नाही. पण पाळलेला मासा आणि रानातला मासा हे दिसायला एक असले तरी आतून एक राहत नाहीत. का, ते पाहू.

एक किलो वजनाची रोहूची मादी एका खेपेस सुमारे दोन लाख अंडी देते. तेव्हा केंद्रचालकाला पाच-दहा जोड्या पुरतात. शंभर जोड्या पोसण्याचा खर्च तो का करील? पुढच्या वर्षी त्याच पिलांतून तो आईबाप निवडतो. असे चार-पाच पिढ्या चालले, की सारे तळे सख्ख्या-चुलत भावंडांचे होते. सगोत्र विवाह टाळणाऱ्या आपल्या समाजाला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. एकनाथ आणि डॉइल या दोन शास्त्रज्ञांनी शेजारच्या कर्नाटकातील कार्प-बीज केंद्रांचा हिशेब मांडून १९९० साली दाखविले, की काही ठिकाणी रक्ताची ही जवळीक वर्षाला २ ते १७ टक्क्यांनी वाढत होती. अशी पिले वाढीत मागे पडतात, रोगाला लवकर बळी पडतात. आणि नदीत गेली तर आपले दुबळेपण पुढच्या पिढ्यांना देतात.

हाच दोष काढण्यासाठी भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साह्याने रोहूची नवी निवड-पैदास हाती घेतली. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज अशा नद्यांतले रोहू एकत्र आणून पिढीमागून पिढी चांगले तेवढे निवडले. स्वातंत्र्याला ५० वर्षे झाली त्या १९९७ साली हा रोहू लोकांपुढे आला, म्हणून त्याचे नाव 'जयंती' ठेवले. तो झपाट्याने वाढतो. पण तो आता कोणत्याही एका नदीचा उरला नाही; तो माणसाने घडविलेला रोहू आहे.

नॉर्वेची गोष्ट येथे ओघानेच आली. तेथे १९७० च्या सुमारास सुमारे ४० नद्यांतले सॅमन मासे जमवून पाळीव वाण घडविण्यास आरंभ झाला. समुद्राच्या खाड्यांत जाळ्यांचे मोठमोठे पिंजरे टांगून ते वाढवितात. वादळात पिंजरा फाटला की हजारो मासे निसटतात आणि रानटी सॅमनच्या नद्यांत शिरून त्यांच्याशी जुगतात. पळालेला मासा ओळखावा कसा? पहिल्या वर्षी त्याचे झिजलेले पर आणि खवल्यावरची वाढीची वर्तुळे चुगली करतात. पण त्याची पिल्ले नदीतच जन्मतात, त्यांच्या अंगावर कोणतीच खूण नसते. तेथे बाह्य रूप हरले आणि आनुवंशशास्त्र उभे राहिले.

या विद्येची रीत सांगण्यास सोपी आहे. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा घ्यावयाचा, तो मद्यार्कात ठेवावयाचा. मासा जिवंत परत सोडता येतो. त्या तुकड्यातून डी.एन.ए. वेगळा काढतात. चार अक्षरांची ही लिपी कोट्यवधी अक्षरे लांब असते. काही जागी तीच दोन-तीन अक्षरे पुन्हापुन्हा येतात. ती कितीदा आली हे घराण्यागणिक बदलते, म्हणून त्यावरून नातेगोते कळते. काही जागी केवळ एकच अक्षर बदललेले असते. अशा अनेक जागा एकत्र पाहिल्या म्हणजे मासा कोणत्या कळपाचा हे मोठ्या खात्रीने सांगता येते. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ७ हजार जागा तपासून त्यांतल्या ६० अशा निवडल्या, की ज्यांवरून कोणत्याही नदीतला रानटी सॅमन पाळीवापासून वेगळा काढता यावा. हे २०११ साली प्रसिद्ध झाले. डी.एन.ए.चा आणखी एक छोटा भाग केवळ आईकडून येतो. त्यावरून आजोळ कळते, पण बाप कळत नाही. म्हणून संकर ओळखावयाचा तर दोन्ही पोथ्या वाचाव्या लागतात.

मात्र एक अट आहे. ताडून पाहण्यास अस्सल नमुना हवा. खरे नाणे ठाऊक नसेल तर खोटे पारखावे कशावरून? गंगेत रोहू धरला तर तो रानटी की पाळीव हा प्रश्न विचारता येतो. उजनीत तो प्रश्नच उद्भवत नाही; येथला प्रत्येक रोहू कोणी ना कोणी सोडलेल्या बोटुकलीचा वंशज. आमच्यापुढचा खरा प्रश्न साइक्सने नोंदविलेल्या मूळ माशांचा आहे, आणि त्यात सर्वांत नाजूक प्रकरण आहे ते खुद्रीचे.

भीमेच्या खोऱ्याच्या माथ्यावर लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीची तळी आहेत. तेथे १९७० नंतर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, श्री. एस. एन. ओगले यांच्यासारख्या जाणत्यांनी महाशीराची कृत्रिम पैदास साधली. संपत चाललेला मासा वाचवावा, हा हेतू निर्मळ होता आणि यशही मोठे मिळाले. हिमालयाकडचे महाशीरही तेथे आणून वाढविले, संकरही करून पाहिले. खुद्रीची बोटुकली लोणावळ्याहून इतर राज्यांत गेली; कावेरीतही गेली. कावेरीत मूळचा एक उंच पाठीचा प्रचंड महाशीर राहत असे. शौकिनांनी गळाने धरलेल्या माशांच्या १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी चाळल्या, तेव्हा तो दिसेनासा होत गेलेला आणि निळ्या परांचा महाशीर वाढत गेलेला आढळला. त्यांनी बोट दाखविले ते बाहेरून सोडलेल्या बीजाकडे. त्या मूळ माशाला तोवर नक्की नावसुद्धा नव्हते. तो 'टोर रेमादेवी' होय, हे रूप आणि डी.एन.ए. यांच्या आधारे २०१८ साली ठरले, आणि त्याच वर्षी तो नष्ट होण्याच्या अगदी काठावर असल्याची जागतिक यादीत नोंद झाली. बारसे आणि शेवटच्या घटकेची वार्ता एकाच वर्षी यावी, हे केवढे दुर्दैव!

आमच्या दख्खनने दिलेले दान दुसऱ्या नदीला असे महाग पडले. दात्याचा दोष म्हणावा, तर त्या काळी ही वही वाचण्याची सोय कोठे होती? आज ती आहे. म्हणून यापुढचा दोष मात्र आपल्या माथी येईल.

करावयाचे ते फार अवघड नाही. आपल्या पूर्वजांनी नकळत काही अस्सल नमुने राखून ठेवले आहेत. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे लोक देवाचे मानतात. महाडकडे वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनीचे म्हणून महाशीर जपले जातात. शास्त्राने सांगितले नव्हते, भक्तीने सांगितले, आणि शेकडो हातांनी जाळे आवरले. अशा डोहांतल्या माशांच्या पराचे तुकडे घेऊन त्यांची वंशावळ लिहून ठेवावी. पेडगावपासून पंढरपूरपर्यंत भीमेच्या उरल्यासुरल्या डोहांतही तेच करावे. आणि ते होईपर्यंत पुण्य म्हणून का होईना, बाहेरची बोटुकली तेथे सोडू नयेत. उजनीत रोहू-कटला वाढोत, त्यावर माणसांची पोटे आहेत. पण खुद्रीचे बीज सोडावयाचे, तर ते ज्या खोऱ्याचे त्याच खोऱ्यातल्या आईबापांचे, आणि तेही पाच-दहा नव्हे, पुष्कळ जोड्यांचे असावे.

साइक्सला भोयांनी नावे सांगितली, त्याने ती लिहून घेतली. म्हणून आज भीमेत मूळचे कोण होते हे आपण सांगू शकतो. पुढच्या दोनशे वर्षांनी कोणी हाच प्रश्न विचारील, तेव्हा त्याच्यापुढे उघडावयाची वही आपण आज लिहावयास घेतली पाहिजे.