जमिनीवरचे विमान

विमानाचा इतिहास सांगायला बसले की सांगणारा आणि ऐकणारा दोघेही आकाशाकडे पाहू लागतात. राईट बंधू उडाले, ब्लेरिओने इंग्लिश खाडी ओलांडली. ह्या साऱ्या कथांत जमीन येते ती केवळ सोडण्यापुरती. परंतु विमानाला उडण्याआधी चालावे लागते, आणि उतरल्यावरही चालतच मुक्कामी जावे लागते. कितीतरी पक्ष्यांची पिल्ले आधी तुरुतुरु चालतात, मग उडतात. माणसाने मात्र उलटा क्रम धरला. तो उडायला आधी शिकला आणि चालायला मागाहून!

17 डिसेंबर 1903 रोजी राईट बंधूंचे विमान 12 सेकंद हवेत राहिले, 120 फूट गेले. त्याला चाकेच नव्हती. लाकडी रुळावरून त्याला सोडायचे. ते वाळूत घसरत उतरले की माणसांनी धरून पुन्हा रुळाशी आणायचे. जमिनीवर वळण्याचा प्रश्नच त्यांनी ठेवला नव्हता.

25 जुलै 1909 रोजी खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानाला चाके होती. दोन्ही हात विमानाचा तोल आणि नाकाची चढउतार सांभाळण्यात गुंतलेले, म्हणून शेपटीचे उभे सुकाणू, ज्याला रडर म्हणतात, ते पायांकडे आले. उजवा पाय दाबला की विमान उजवीकडे. गंमत अशी की सायकल उजवीकडे वळवताना आपला डावा हात पुढे जातो; विमानात उजवा पाय पुढे जातो. म्हणजे सायकलवाल्याला अंगवळणी पडलेली सवय येथे विसरावी लागते.

पण रडर चालते वाऱ्यावर. विमान सावकाश चालत असेल तर वारा कोठून येणार? पुढच्या पंख्याचा झोत मिळेल तेवढाच. त्यात पुष्कळशा जुन्या विमानांना ब्रेक नसत, आणि शेपटीखाली चाकाऐवजी जमिनीवर फरफटणारा दांडा असे. मग पंखांच्या टोकांशी माणसे धावत आणि विमानाला बैलासारखे वळवून घेत.

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायरला ब्रेक होते, पण जमिनीवर त्याचे नाक इतके वर असे की वैमानिकाला समोरचे काही दिसत नसे. तो नागमोडी चाले आणि एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूने डोकावून पाही. जोराच्या वाऱ्यात शेपटी उचलू नये म्हणून तीवर माणूस बसवीत. फेब्रुवारी 1945 मध्ये मार्गारेट हॉर्टन ही इंग्लंडच्या हवाईदलातली तरुणी अशीच बसली होती. ती उतरण्याआधीच वैमानिकाने विमान उडवले! शेपटीला बिलगून बाईंची आकाशात एक फेरी झाली आणि त्या सुखरूप खाली आल्या.

आपल्याकडेही जमिनीनेच अधिक छळले. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण जुहूचे ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, आणि मग ही सारी विमानसेवा बिऱ्हाड उचलून पुण्यास येई. आकाश खुले होते. पाय टेकायला कोरडी जमीन नव्हती.

आता खोट्या विमानांकडे वळू. 1929 साली अमेरिकेत एडविन लिंक ह्या ऑर्गन बनवणाऱ्याच्या मुलाने ऑर्गनचेच भाते वापरून डुलणारे, कलणारे एक ठेंगणे विमान तयार केले. 1934 मध्ये तिकडच्या लष्कराकडे हवाई टपाल आले, खराब हवेत वैमानिक मरू लागले, तेव्हा त्यांनी ही सहा यंत्रे घेतली. पुढे युद्धात हजारो वैमानिक त्यांवर शिकले. पण ते यंत्र बुंध्याला जखडलेले. ते कलू शके, गरगरू शके. चालू मात्र शकत नसे. 1982 साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर घरोघरच्या संगणकांवर आला, तोही खेळणाऱ्याला थेट शिकागोच्या मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर नेऊन ठेवी. चालण्याचा धडा पुन्हा मागेच राहिला.

माझा भाचा ह्या खेळात रंगलेला असतो. एकदा तो वैतागून म्हणाला, “मावशी, चाक पार फिरवलं तरी हे वळत कसं नाही गं?” त्याच्या हातातले चाक पंखांचे होते. जमिनीवर वळवतात पाय. सेसना 172 ह्या लहान विमानात पेडल दाबले की नाकाखालचे चाक दहा अंश वळते. एका बाजूचा ब्रेक दाबला तर तीस अंशांपर्यंत. बोइंग 737 मध्ये पायांनी सातच अंश मिळतात, कारण उड्डाणाच्या वेगात त्याहून अधिक वळले तर विमान पट्टी सोडून जाईल. अरुंद वळणासाठी वैमानिकाच्या बाजूला टिलर नावाची निराळी मूठ असते. ती ते चाक 78 अंशांपर्यंत फिरवते. घरच्या टेबलावर ही मूठ बहुधा नसतेच. सगळे काम पेडलांवर नाहीतर पिरगळायच्या काठीवर येते, आणि विमान बुजलेल्या घोड्यासारखे तिरके धावते.

ही कटकट निरर्थक वाटेल. पण 27 मार्च 1977 आठवावा. टेनेरीफ बेटावरच्या विमानतळावर गर्दी इतकी झाली होती की विमानांना धावपट्टीवरूनच चालत जावे लागत होते. दाट धुके पडलेले. पॅन ॲमच्या जंबो विमानाला तिसऱ्या वाटेने बाहेर पडण्यास सांगितले होते. ते वळण जवळजवळ उलटे फिरण्याइतके तीव्र. विमान ती वाट सोडून चौथीकडे सावकाश सरकत राहिले. तेवढ्यात परवानगी मिळण्याआधीच के. एल. एम.च्या जंबोने समोरून उड्डाणाची धाव घेतली. 583 माणसे गेली. दोन विमानांच्या टकरीतला हा सर्वांत मोठा संहार आकाशात नव्हे, जमिनीवर घडला. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्दसुद्धा वैमानिकाशी बोलताना प्रत्यक्ष परवानगीखेरीज उच्चारायचा नाही, असा दंडक पडला.

म्हणून घरच्या संगणकापुढे बसलेले मूल ढग सोडून पिवळ्या रेषेवरून विमान हळूहळू नेण्याचा सराव करीत असेल, तर त्याला हसू नये. तीच रेषा धुक्यात शोधत एखादा खरा वैमानिक शेकडो माणसांना घेऊन चाललेला असतो, आणि ती सारी घरी कधी पोहोचतो ह्या विचारात असतात.