उंबरठ्याचा हक्क

घर कोणाचे, या प्रश्नाला व्यवहारात दोन उत्तरे मिळतात. कागदोपत्री ते मालकाचे असते. परंतु ज्याची चूल तेथे पेटते तो भाडेकरूही त्याला आपलेच घर म्हणतो. मालकाने त्याचा उंबरठा केव्हा व कसा ओलांडावा, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नव्हे. एका खोलीत स्वयंपाक, आजारपण आणि झोप उरकणाऱ्या कुटुंबाची अब्रू त्यात गुंतलेली असते.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या करताना मालकीकडे न पाहता ताब्याकडे पाहिले. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत गुन्हा करण्याच्या, अथवा ताबेदारास धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्याला त्रास देण्याच्या हेतूने शिरणे हा अपराध ठरला. २०२४ मध्ये त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ताब्याचे हे तत्त्व मात्र कायम राहिले.

पुढे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आला. मुंबई इलाख्यात तो १८९३ पासून लागू झाला. त्याच्या १०८ व्या कलमाने दोन्ही पक्षांचा विचार केला. भाडे देणाऱ्या व अटी पाळणाऱ्या भाडेकरूस जागेचा निर्वेध उपभोग मिळावा. उलटपक्षी, मालकास व त्याच्या माणसांस वाजवी वेळी आत येऊन जागेची स्थिती पाहता यावी. छत गळते की नाही, हे पाहणे मालकाचेही हिताचे असते. परंतु ‘वाजवी वेळ’ कोणती, याचा खुलासा नव्हता. आणि आधी सांगून यावे, असेही त्या कलमाने म्हटले नव्हते.

१९१८ पासून मुंबईत आलेल्या भाडेनियंत्रणाचा मुख्य भर भाडेवाढ व घर खाली करविणे यांवर होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या २८ व्या कलमाने मात्र तपासणीसाठी वाजवी वेळेबरोबर पूर्वसूचनेचीही अट घातली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे अधिनियमाने ही सूचना किमान २४ तास आधी देण्यास सांगितले. अर्थात, ज्या राज्याने तो स्वीकारावा तेथेच तो कायदा होतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तथापि मूलभूत हक्कांचा रोख मुख्यतः शासनसत्तेकडे असतो. मालक व भाडेकरू यांच्यातील तंटा बहुधा कायदा आणि करार यांवरच तुटतो.

म्हणून, श्रोतेहो, १०८ व्या कलमातील एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यातील तरतुदी विरुद्ध करार नसेल तरच लागू होतात. भाडेपत्रावर सही करताना आपण भाड्याचा आणि अनामतीचा आकडा निरखून पाहतो. मालकाच्या प्रवेशाविषयी त्यात काय लिहिले आहे, तेही तितक्याच काळजीने वाचावे. नसल्यास लिहून घ्यावे.