लॅपटॉपवरील वाय-फायची मंद गती

लॅपटॉपवरील वाय-फायची मंद गती म्हणजे बिनतारी जोडणीतून लॅपटॉपला मिळणारी आंतरजालाची गती घेतलेल्या सेवेच्या घोषित गतीपेक्षा लक्षणीय कमी असणे. दोष वरकरणी एकच दिसत असला तरी त्याची उगमस्थाने दोन आहेत. एक म्हणजे लॅपटॉप ते राऊटर हा घरातील बिनतारी टप्पा आणि दुसरे म्हणजे राऊटरपासून पुढचा, सेवापुरवठादाराच्या ताब्यातील टप्पा. यांपैकी कोणता टप्पा अडला आहे हे न ठरवता केलेले उपाय बहुधा वाया जातात. नवा राऊटर आणूनही गती होती तेवढीच राहते, ती याच कारणाने. प्रस्तुत लेखात या दोषाची सर्वसाधारण कारणे आणि अमरावती व अकोला जिल्ह्यांतील हवामान, घरे व सेवा यांमुळे त्यांना येणारे विशेष रूप यांचा विचार केला आहे.

मोजमाप

सेवेची गती मेगाबिट प्रतिसेकंद या एककात सांगतात, तर संगणकावर धारिका उतरवताना दिसणारा आकडा पुष्कळदा मेगाबाइटमध्ये असतो. आठ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे ४० मेगाबिटच्या जोडणीवर प्रतिसेकंद ५ मेगाबाइट दिसणे हा दोष नव्हे; अनेक तक्रारी या एका भागाकाराने मिटतात. भारतात ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी लागणारी किमान गती २०१३ मध्ये प्रतिसेकंद ५१२ किलोबिट होती, ती २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. हा कायद्याचा किमान उंबरठा आहे. दृक्श्राव्य वर्गाला किंवा ऑनलाइन परीक्षेला तेवढी गती पुरेलच असे नाही.

लॅपटॉपच्या वाय-फाय गुणधर्मांत दिसणारी जोडणीची गती हीदेखील प्रत्यक्ष गती नसते. बिनतारी संचारात एका वेळी एकच उपकरण बोलू शकते व प्रत्येक खेपेला पोच द्यावी लागते, म्हणून प्रत्यक्ष गती त्या आकड्याच्या साधारण निम्म्या ते दोन तृतीयांशापर्यंतच भरते.

दोषाचा टप्पा ओळखणे

सर्वांत विश्वसनीय चाचणी तारेची आहे. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून लॅपटॉप लॅन तारेने थेट राऊटरला जोडावा व गती मोजावी. नव्या पातळ लॅपटॉपना ही तार जोडण्याची खाच नसते. अशा वेळी यूएसबी जोडणीचा अडॅप्टर वापरावा, तोही नसल्यास लॅपटॉप राऊटरच्याच खोलीत दोन-तीन मीटरवर ठेवून मोजणी करावी. तारेवर गती पूर्ण आणि बिनतारीवर कमी असेल तर दोष घरात आहे. तारेवरही ती कमीच असेल तर तो बहुधा बाहेर आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागतो: स्वस्त राऊटरच्या खाचा १०० मेगाबिटपर्यंतच्याच असतात आणि आतील चारपैकी दोनच जोड्या जुळलेली तारही तेवढीच गती देते. २०० मेगाबिटची सेवा घेऊन तारेवर ९५ च्या आसपास अडकलेला आकडा सहसा याच कारणाने दिसतो.

दुसरी चाचणी पिंग या आज्ञेची. राऊटरच्या पत्त्यावर (पुष्कळ घरांत तो १९२.१६८.१.१ असतो) पिंग केल्यास उत्तर काही मिलिसेकंदांत यावयास हवे. ते शेकडो मिलिसेकंद घेत असेल किंवा मधूनच गळत असेल, तर बाहेरच्या जगाला दोष देण्याचे कारण नाही. मोजणी सकाळी, दुपारी व रात्री आठ ते दहाच्या दरम्यान अशी निदान तीन वेळा करावी.

वऱ्हाडातील उन्हाळा

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नाही आणि अमरावतीही फार मागे नसते. घरगुती राऊटर सामान्यतः ४० अंशांपर्यंतच्या परिसरासाठी व बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या परिसरासाठी बनविलेले असतात. पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी या दोन्ही मर्यादा सहज ओलांडल्या जातात. तापलेला प्रक्रियक स्वसंरक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करतो. मग पाने उशिरा उघडतात, चित्रफीत अडखळते आणि दोष आंतरजालाच्या माथी मारला जातो. अशा वेळी गतीची चाचणी चांगला आकडा दाखवते, पण लॅपटॉपचा पंखा सतत घोंघावत असतो व त्याचा तळ हाताला चटका देतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवणे, त्याची हवेची भोके साफ करणे आणि राऊटर बंद कपाटातून बाहेर काढणे हे बिनखर्ची उपाय आहेत.

उन्हाळ्याचे दुसरे अपत्य कूलर. पत्र्याचे खोके, पाण्याने भरलेली टाकी आणि ओल्या ताट्या अशी त्याची रचना असते. पत्रा बिनतारी लहरी परावर्तित करतो व पाणी त्या शोषून घेते. म्हणजे राऊटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये ठेवण्यास याहून अयोग्य वस्तू शोधूनही सापडणार नाही. सेवेची तार पुष्कळदा खिडकीतून आत येते, राऊटर तिथेच टांगला जातो आणि मार्चअखेर त्याच खिडकीत कूलर बसतो. हिवाळ्यात ठीक चालणारे वाय-फाय उन्हाळ्यात मंदावले, तर आधी हे तपासावे. राऊटर घराच्या मध्याजवळ, माणसाच्या डोक्याहून उंच व लोखंडी कपाटापासून दूर असावा. जुन्या वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि नव्या घरांतील सळयांचा स्लॅब हे दोन्ही मोठे अडथळेच आहेत. दोन मजली घरात एका राऊटरवर भागत नसल्यास वरच्या मजल्यापर्यंत तार नेऊन तेथे दुसरे उपकरण बसविणे हा टिकाऊ उपाय होय. केवळ संकेत पुढे ढकलणारा विस्तारक गती बरीच घटवतो.

वारंवारता व वाहिन्या

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात घराबाहेरही परवान्याविना वापर करण्याची व्यापक मुभा ऑक्टोबर २०१८ मध्ये मिळाली. पहिला पट्टा भिंती अधिक चांगल्या ओलांडतो, परंतु तो गजबजलेला आहे. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी इतकेच नव्हे, तर यूएसबी ३.० ची बाह्य डिस्कही त्यात गोंगाट करते. या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मानल्या जातात: १, ६ आणि ११. राऊटर १२ किंवा १३ वर गेल्यास अमेरिकी मांडणी असलेल्या लॅपटॉपला जाळे मुळी दिसतच नाही. एकाच खोलीत काम असेल तर ५ गिगाहर्ट्झ निवडावा.

लॅपटॉपमधील कारणे

जुन्या लॅपटॉपमधील एका अँटेनाच्या ८०२.११एन कार्डाची २.४ गिगाहर्ट्झवरील जोडणी नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत ७२ मेगाबिटपर्यंतच जाते. प्रत्यक्षात ४०-५० मिळाले तरी पुष्कळ. अशा यंत्रासाठी महागडी सेवा घेणे व्यर्थ आहे. त्याऐवजी दोन्ही पट्टे चालणारा यूएसबी अडॅप्टर लावणे स्वस्त पडते. राऊटरवर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी कूटपद्धती ठेवल्यास गती ५४ मेगाबिटवरच थांबते, म्हणून डब्ल्यूपीए२ किंवा त्यापुढील पद्धती निवडावी. वीजबचतीची मांडणी, कालबाह्य ड्रायव्हर, पार्श्वभूमीत चाललेली अद्ययावतने व छायाचित्रांची साठवण हीही नेहमीची कारणे आहेत. पान उघडावयास वेळ लागतो पण उघडल्यावर भराभर भरते, असे असल्यास डीएनएस बदलून पाहावा.

मंद उपकरण स्वतःबरोबर इतरांचाही वेळ खाते, कारण हवेतील वेळ सर्वांना वाटून घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाच्या वाढत्या रुग्णसंख्येमुळे अमरावती व अकोला येथे टाळेबंदी लागली. वर्ग, परीक्षा व कार्यालय एकाच राऊटरवर आले, की कोपऱ्यातील जुना लॅपटॉप साऱ्या घराला कसा अडवतो, हे अशा काळात दिसून येते.

राऊटरच्या पलीकडे

भारनियमनात इन्व्हर्टरवर राऊटर चालू राहतो, मात्र गल्लीतील केबलचालकाचे उपकरण वीज गेल्याने बंद पडू शकते. तेव्हा वाय-फायचे चिन्ह पूर्ण भरलेले दिसते, आंतरजाल मात्र नसते. काही ठिकाणी मनोऱ्यावरून ५ गिगाहर्ट्झ लहरींनी सेवा दिली जाते. तिला दृष्टिरेषा मोकळी लागते. वाटेतील निंबाला दाट पाला फुटला की तीच सेवा कमकुवत होते.

मेळघाटातील हरिसाल (तालुका धारणी) या गावात राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने २०१६ च्या सुमारास डिजिटल गावाचा प्रकल्प सुरू झाला. दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या जागा वापरण्याचे तंत्र त्याच्याशी निगडित होते. या कमी वारंवारतेच्या लहरी झाडी व चढउतार तुलनेने सहज पार करतात, म्हणून डोंगराळ मेळघाटासाठी कल्पना योग्यच होती. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात राज ठाकरे यांनी या गावाची चित्रफीत सभांतून दाखवून तेथील सोयींच्या दाव्यांवर प्रश्न उपस्थित केले. बाहेरचा टप्पा दुबळा असेल तर घरातील उत्तम राऊटरही काही करू शकत नाही.

कधीकधी सेवा मंद नसून बंद केलेली असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात हिंसाचारानंतर प्रशासनाने आंतरजाल सेवा स्थगित केली होती.

तक्रार

दोष बाहेरचा ठरल्यास प्रथम सेवापुरवठादाराच्या तक्रार केंद्रात नोंद करून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) वैयक्तिक तक्रारी स्वतः निकाली काढत नाही. तक्रारीसोबत तारेवर घेतलेल्या मोजण्या तारीख व वेळेसह द्याव्यात. वाय-फायवरील आकडे दिल्यास ‘दोष तुमच्या घरातील आहे’ हे उत्तर मिळण्याची शक्यता असते, आणि पुष्कळदा ते खरेही असते.