पुसणाऱ्यांचा इतिहास

इतिहासाची पुस्तके उघडून पाहा. गालिच्यावरून कोण चालत गेला, कोणी कोणाला गालिचा नजर केला, दरबारात कोणता गालिचा अंथरला होता, हे सगळे त्यांत तपशीलवार सापडते. पण त्याच गालिच्यावर राजवाड्यातल्या मांजराने पहाटे काय केले आणि ते कोणी पुसले, याबद्दल बखरकार मूग गिळून बसतात. राजवाड्यातले झाले तरी मांजर ते मांजरच. मी पडलो बी. कॉम. खात्याची एक बाजू लिहिलेली आणि दुसरी कोरी दिसली की मला झोप लागत नाही. घाण झाली असेल तर ती कोणीतरी पुसली असणारच. मग ती नोंद कुठे आहे? कट्टा ते मालवण एस.टी.त आणि बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत मी ही नोंद शोधत आलो आहे. त्या संशोधनाचा हा गोषवारा.

सुरुवात कट्ट्यापासूनच करू, कारण या शास्त्रात कोकण कोणाच्या मागे नव्हते. आमच्या आजीच्या घरात पडवी, ओटी, माजघर, सगळी जमीन मातीची. ती चोपून घट्ट करायची आणि शेणाने सारवायची. घरात एक कुत्रा, दोन मांजरे, शिवाय कोंबड्या, आणि कोंबड्या तर घरपट्टी आपणच भरतो अशा थाटात वावरत. एखादी ओटीवर खूण ठेवून गेली की आजी चुलीतली मूठभर राख आणून त्यावर टाकी. राख ओल पिऊन घेईपर्यंत ती कोंबडीच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, मग करटीने खरवडून माडाच्या मुळात टाकी आणि त्या जागेवर शेणाचा हात फिरवी. पाच मिनिटांत हिशेब पुरा. एका जनावराची घाण दुसऱ्या जनावराच्या शेणाने निस्तरायची, ही कल्पना ज्या बाईला पहिल्यांदा सुचली तिचे नाव अर्थातच कुठल्या पुस्तकात नाही.

मातीची जमीन मोठी क्षमाशील. डागाळलेला थर काढला, नवा दिला, मागचे सगळे माफ. क्षमा करणारी जमीन असली तरी वाकणारी मात्र आजी. सारवण म्हणजे उकिडवे बसून मागे मागे सरकत जायचे. शेवटी शेवटी तिची कंबर सरळ होतच नसे. उभी राहिली तरी काहीतरी शोधत असल्यासारखी दिसे. आमच्या आजोबांनी जन्मात एकदा तरी करटी हातात धरल्याचे गावात कोणाला आठवत नाही.

आता जरा लंडनला जाऊ. तिथे आपल्या जातकुळीतला एक माणूस होता, सॅम्युअल पीप्स. पुढे आरमाराच्या कारभारात तो फार वर चढला, पण १६६० साली त्याने रोजनिशी लिहायला घेतली तेव्हा सरकारी खजिन्यात कारकून होता. म्हणजे काउंटरपलीकडचा आपलाच माणूस. त्या वर्षीच्या १२ फेब्रुवारीला तो लिहितो की, रात्री झोपताना बायकोशी कडाक्याचे भांडण झाले. कारण कुत्रा. तोही मेहुण्याने दिलेला. पुन्हा घरात मुतला तर खिडकीतून फेकून देईन, असे पीप्सने बायकोला बजावले. सगळी रोजनिशी त्याने लघुलिपीत लिहिली ती का, हे मला या नोंदीवरून तात्काळ कळले.

त्या काळी इंग्लंडात बरेचसे गालिचे जमिनीवर नव्हे, टेबलावर अंथरत. कुत्र्याची पोच लक्षात घेतली तर यात मोठे शहाणपण होते. असो. पण त्या दिवशी पुसले कोणी? पीप्स लिहीत नाही. एवढा काटेकोर कारकून, पण ही बाजू कोरी.

तीन महिन्यांनी, २५ मे १६६० रोजी, दुसरा चार्ल्स राजा परागंदा अवस्थेतून इंग्लंडच्या किनाऱ्यावर परतला. राजाच्या एका लाडक्या कुत्र्याबरोबर पीप्स एका होडीत होता. त्या राजश्वानाने भर होडीत विधी उरकला. सगळे हसले, आणि पीप्सच्या मनात आले की राजा आणि राजाचे सगळे काही शेवटी तुमच्या-आमच्यासारखेच. लोकशाहीचे तत्त्वज्ञान सांगायला पुढे थोरामोठ्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिले. कुत्र्याने ते होडीत एका मिनिटात सांगितले.

पुढे गालिचा टेबलावरून खाली उतरला आणि माणसाचे हाल सुरू झाले. १८७६ साली अमेरिकेत मेल्व्हिल बिसेलने गालिचा झाडायच्या यंत्राचे पेटंट घेतले. १९०१ साली इंग्लंडात ह्यूबर्ट बूथने धूळ ओढून घेणारे यंत्र काढले. ते इतके अवजड की घोडागाडीवरून आणावे लागे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी, १९०२ मध्ये, वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले. पण ही यंत्रे धुळीची. ओल्या प्रकरणात माणसालाच वाकावे लागे. विंडसरच्या राजवाड्यात तर दोन टनांचा एक गालिचा आहे, व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी विणलेला. १९९२ साली वाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले. सैनिक मोजले गेले. त्याच वाड्यात दुसऱ्या एलिझाबेथ राणीची ठेंगणी कॉर्गी कुत्री पिढ्यान्पिढ्या नांदली. त्यांच्यामागून फडके घेऊन फिरणारे किती होते, हे मोजल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता आजीचा जयजयकार. १९४७ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगन प्रांतात एडवर्ड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण आली. ती मांजरासाठी राख वापरी, पण मांजर त्याच काळ्या पावलांनी घरभर फिरे. तिला वाळू हवी होती. लोने तिला मुलतानी मातीच्या जातीची ओल शोषणारी माती दिली. ती इतकी पसंत पडली की त्याने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या आणि ६५ सेंटला एक अशा विकायला काढल्या. वाळू कवडीमोलाने मिळत असताना ही माती कोण घेणार, असे दुकानदाराला वाटले. पुढे लो कोट्यधीश झाला. आमची आजी आयुष्यभर राख टाकत राहिली. तिने पिशव्या तेवढ्या भरल्या नाहीत.

आमच्या घरी मातीची जमीन जाऊन लाल कोबा आला. कोब्यावर ओले फडके फिरवले की काम भागे. मग मेहुण्यांनी मस्कतहून गालिचा आणला. म्हणजे पीप्सच्या नेमके उलट: त्याच्याकडे मेहुण्याचा कुत्रा, माझ्याकडे मेहुण्यांचा गालिचा. कुत्रा आमचा स्वतःचा. नाव मोती, वय तेरा. हल्ली त्याला बाहेर जायचे वेळेवर सुचत नाही. सुचते तेव्हा उशीर झालेला असतो.

गालिच्याचे वागणे मुदतठेवीसारखे. घेतो ते मुकाट्याने आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की व्याजासकट परत करतो. मी शास्त्र वाचून काढले. डाग घासायचा नाही, वरून दाबून टिपायचा. घासला की तो आत उतरतो. अमोनियाचे औषध वापरायचे नाही, कारण मुतातही शेवटी अमोनियाच तयार होतो आणि कुत्र्याला वाटते, जागा आपलीच आहे. ही वासाची मुळे तोडणारी विकरांची औषधे निघाली आहेत, तीही आणली. पण मोतीचा वेग औषधापेक्षा जास्त.

तेव्हा घरात पीप्सच्या बेडरूममधली चर्चा सुरू झाली. बायको म्हणाली, "अहो, दादा गणपतीला येणार. काय दाखवू त्याला?" शेजारच्या काकांनी तोडगा सांगितला, "मेल्या, पोत्यात घाल आणि कसालच्या तिठ्यार सोडून ये." कोणी काही बोलेना. मोती नेमका माझ्या पायाशी बसलेला. आई कोपऱ्यात वाल सोलत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे गेलेले, रात्री न्हाणीपर्यंत जायला तिलाही हल्ली हात द्यावा लागतो. मान वर न करता ती म्हणाली, "आज तो म्हातारो झालो म्हणान तेका भायर घालतास. उद्या माजा तसा झाला तर माका खंय सोडून येतलास? कसालाक?"

बायकोने उठून गालिच्याचे एक टोक धरले, दुसरे मी धरले. पन्नास सैनिक लागले नाहीत. गालिचा माळ्यावर गेला.

गॅस आला तरी आमच्या न्हाणीची चूल अजून सोडणांवर पेटते, त्यामुळे राखेची टंचाई नाही. करटी तर काय, कोकणात. पहाटे मोतीच्या मागे राख घेऊन फिरताना मला आजीच्या कमरेचा अर्थ थोडा थोडा कळू लागला आहे. पुढच्या कोणा इतिहासकाराची अडचण नको, म्हणून कोरी राहिलेली बाजू निदान आमच्या घरापुरती इथे भरून ठेवतो: घाण करणारा, मोती. पुसणारा, अस्मादिक. बँकेला सुट्टी असली तरी हे खाते चालू.