बेमिजीची तेरा अजिंक्यपदे

हॉकी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान उभे राहते. अमेरिकेच्या उत्तरेस, मिनेसोटा राज्यात, हाच शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्यास गोठलेले सरोवर आठवते. तेथे प्रत्येक बाजूचे सहा गडी पोलादी पात्यांचे बूट बांधून बर्फावर उतरतात आणि चेंडूऐवजी रबराची चपटी चकती काठीने फटकावतात. मिसिसिपी नदीच्या उगमापासून फार दूर नसलेल्या बेमिजी ह्या लहानशा गावाच्या कॉलेजने ह्या खेळात तेरा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविली. ती सर्वच्या सर्व खालच्या श्रेणीतील होती.

१९१९ साली सुरू झालेले हे कॉलेज मुळात शिक्षक तयार करणारे विद्यालय होते. १९६६ मध्ये बॉब पीटर्स हे तेथे प्रशिक्षक म्हणून आले. त्यापूर्वी ते नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या नामांकित संघाचे प्रशिक्षक होते. मोठ्या घरून लहान घरी आलेला हा गृहस्थ २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत बेमिजीचाच राहिला. लहान कॉलेजांच्या संघटनेने १९६८ साली बर्फावरील हॉकीची पहिली स्पर्धा भरविली, ती बेमिजीने जिंकली. आणि १९८० पर्यंत ते पद एकूण सात वेळा त्यांच्याकडे आले.

पुढे हा संघ अधिक मोठ्या राष्ट्रीय संघटनेच्या दुसऱ्या श्रेणीत खेळू लागला. १९८३-८४ च्या हंगामात त्याने एकतीस सामने खेळून एकतीसही जिंकले. परंतु दैवाची थट्टा अशी की, त्याच वर्षी ती श्रेणीच मोडली! त्या श्रेणीत हा खेळ खेळणारी कॉलेजे फारच थोडी उरली होती. तेव्हा तिसऱ्या श्रेणीच्या नव्या स्पर्धेत उतरावयाचे ठरले. जेथील कॉलेजांना केवळ खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, अशी ती श्रेणी. १९८६ मध्ये बेमिजीने तेथेही अजिंक्यपद पटकावले.

१९९३ साली दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा पुन्हा सुरू झाली. बेमिजीने ती १९९३, १९९४, १९९५ आणि १९९७ साली जिंकली. मात्र तीत कित्येकदा दोनच संघ असत. दोघांत पहिला येण्यात पराक्रम तो कसला, असे कोणी विचारील. पण प्रतिस्पर्धी कमी पडले हा विजेत्याचा दोष नव्हे. आणि जो संघ सलग सामने जिंकण्यात निपुण होता, त्याला खरी उणीव तुल्यबळ सोबत्यांचीच भासली असेल. १९९९ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद पडली.

त्याच वर्षी बेमिजी पहिल्या श्रेणीत चढले. कॉलेजचे इतर खेळ दुसऱ्या श्रेणीतच राहिले. हॉकी तेवढी वर गेली. तेथे मोठमोठ्या विद्यापीठांशी गाठ होती, आणि पूर्वीची सहज सत्ता आता उरली नाही. तरीही २००९ साली सोळा संघांत सर्वांत खालच्या क्रमांकाने प्रवेश मिळालेल्या ह्या संघाने नोटर डेमला ५-१ आणि कॉर्नेलला ४-१ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. सामना वॉशिंग्टनला झाला. तेथे ओहायोच्या मायामी विद्यापीठाने त्यांचा ४-१ असा पराभव केला.