ग्रांड डचेस मारिया पाव्हलोव्हना यांच्या दोन खोळी

रशियन राजकुलांतील म्हणून जी जडावाची चीजवस्त बाजारांत येते, तिच्यापैकीं पुष्कळीच्या मालकीस विक्रेत्याच्या शब्दापलीकडे आधार नसतो. वस्तूवरील शिक्के पाहावे, तर ते निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देतात. ५६ हा आंकडा ९६ भागांपैकीं ५६ भाग शुद्ध सोनें दर्शवितो. रशियन शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचें मुख डावीकडे वळलेलें असल्यास वस्तु सामान्यतः १९०८ पूर्वींची, उजवीकडे असल्यास नंतरची. कारागिराच्या आद्याक्षरांवरून फाबर्जेच्या पेढीचा मिखाईल पेर्खिन (मृत्यु १९०३) किंवा त्याच्यामागून आलेला हेन्रिक विग्स्ट्रॉम ओळखतां येतो. डबी कोणाच्या खिशांत होती, हें मात्र त्यांवरून निघत नाहीं. शिवाय शिक्के बनावटहि असतात!

या दृष्टीनें झार दुसरा अलेक्झांडर याची स्नुषा मारिया पाव्हलोव्हना (१८५४–१९२०) हिच्या जवाहिराची हकीकत लक्षांत घेण्याजोगी आहे. क्रांतीनंतर १९१७ सालीं आल्बर्ट स्टॉपफर्ड या इंग्रज स्नेह्यानें पेत्रोग्राद येथील वाड्यांतून तिचे मुख्य अलंकार काढून लंडनला नेले. त्यानें मजुराचा वेष घेतला होता असें सांगतात. कथा रंजक आहे, पण तिजवर आम्ही भिस्त ठेवीत नाहीं. त्यांतील हिरेमोत्यांचा मुकुट १९२१ सालीं इंग्लंडच्या राणी मेरीनें मारियेची कन्या एलेना हिजपासून विकत घेतला, व पुढें मोत्यांच्या जागीं पाचूहि अडकवितां यावे अशी त्यांत सोय करविली. सर्वांत प्रसिद्ध अलंकारच असा मूळ रूपांत राहिला नाहीं.

याउलट किरकोळ वस्तूंचें झालें. नोव्हेंबर १९१८ मध्यें, बाई स्वतः काकेशसकडे असतां, एका विश्वासू स्नेह्यामार्फत पेत्रोग्राद येथील स्वीडनच्या वकिलातींत उशांच्या दोन खोळी ठेवण्यांत आल्या. आंत सिगारेटच्या डब्या, कफांच्या गुंड्या वगैरे शंभरांवर नग होते. त्या खोळी स्टॉकहोमच्या परराष्ट्रखात्यांत पोंचल्या व सुमारें ९० वर्षें दप्तरांत पडून राहिल्या. बाई १९२० सालीं फ्रान्समध्यें वारल्या. पेशवे दप्तराचे रुमाल सोडणारांस अशा पडून राहण्याचें मोल सांगावयास नको: मधल्या काळांत त्या कोणी वापरल्या नाहींत, कीं मोडून घडविल्या नाहींत. मालकीचा जो दुवा शिक्क्यांत सांपडत नाहीं, तो येथें सरकारी ताब्यानें पुरविला आहे.

वस्तु वारसांकडे परत गेल्या, आणि ३० नोव्हेंबर २००९ रोजीं लंडनमध्यें सदबीच्या लिलावांत सुमारें ७० लक्ष पौंडांस विकल्या गेल्या. वारसांचा हक्क निर्विवाद होता. तथापि एकत्र राहिलेला संग्रह त्या दिवशीं विखुरला. यापुढें त्यांतील एखादी डबी कोणा संग्राहकाच्या हातीं आलीच, तर ती प्रथम लिलावाच्या छापील यादीशीं ताडून पाहावी.