दिनविशेष, १४ जून : देवीची पहिली लस

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातले हे पहिले यशस्वी लसीकरण.

तेव्हा शीतपेटी नव्हती. लस टिकायची ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. फोडातला द्रव घेऊन पुढच्याला टोचायचे. ॲनाच्या दंडावरूनच ती इतर शहरांत पोचली. आठवडाभराने मूल परत आणले नाही, की साखळी तुटायची. तारीख पाळणे तेव्हा सगळ्या गावाच्या कामाचे होते!

आज येलदरीसारख्या गावातल्या बाळाच्या लसीकरण कार्डावरही ६, १०, १४ आठवड्यांच्या तारखा असतात. १९७७मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. घटसर्प, डांग्या खोकला मात्र गेलेले नाहीत, आणि या तारखा त्यांच्यासाठीही आहेत.